मान वाकडी करूनच तिला नीट दिसतं

जुलैत नववीच्या पहिल्या घटक चाचणीला माझ्या वर्गातल्या एका मुलीने अर्धा पेपर कोरा दिला. उत्तरं सगळी येत होती, वेळ पुरला नव्हता. तिला जन्मापासून अल्बिनिझम आहे. केस-पापण्या पांढऱ्या, उजेड सोसत नाही, बुबुळं सतत थरथरतात आणि चष्मा लावूनही नजर पूर्ण सुधारत नाही. दहावीला तासामागे २० मिनिटं जादा आणि लागला तर लेखनिक मिळतो, पण त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र हवं. घरात कुणी ते काढलंच नव्हतं. मी तिच्या आईला म्हटलं, आपण काढू. प्रमाणपत्राचं कार्ड हातात पडायला डिसेंबर उजाडला.

अर्ज सोपा होता. महा ई-सेवा केंद्रातल्या मुलाने स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ध्या तासात भरून दिला.

सरकारी रुग्णालयातली तपासणी मात्र आठवड्यातून एकच दिवस. पहाटेची एसटी, दोन तासांचा प्रवास, वर पाऊस. पहिल्या खेपेला डोळ्यांचे डॉक्टर रजेवर. आदल्या दिवशी फोन केला असता तर हेलपाटा वाचला असता, तेव्हा तुम्ही नक्की करा. दुसऱ्या खेपेला नंबर लागला आणि खिडकीतून कागद परत आले. “नाव जुळत नाही.” शाळेच्या दाखल्यावर घराण्याचं मूळ आडनाव, आधारवर गावावरून पडलेलं. कोकणात हे घरोघरी आहे, आमच्या पोस्टमनला दोन्ही आडनावं पाठ असतात. मी बोनाफाईड पुढे केला, मुख्याध्यापकांचं पत्र दाखवलं. पोर समोर उभी होती, ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे मिचकावत. ज्या डोळ्यांसाठी एवढ्या लांबून आलो, त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

आई मासे विकते. दोन बाजार बुडाले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “बाई, माजो दीस बुडलो तरी चलात, पण चेडवाचा काम होवक व्हया.”

आधार दुरुस्तीला दोन खेपा, मग गणपती. तिसऱ्यांदा खिडकीवर गेलो तर फोटो जुना म्हणून परत. चौथ्या खेपेला, ऑक्टोबरात, तपासणी झाली. दहा-पंधरा मिनिटांत! डोळ्यांत थेंब घातले, त्याने बाहुल्या मोठ्या होतात. परतीच्या एसटीत ऊन आत आलं आणि तिला डोळे उघडवेनात. माझी ओढणी दुहेरी करून तिने सगळी वाट तोंडावर धरली होती. थेंब घालणार हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. काळा चष्मा आणि रुंद काठाची टोपी घेऊनच निघा.

आठवीतच दाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. हे आधी सांगायला हवं होतं.

या सगळ्यात एक चूक माझीही झाली आणि ती मला अजून डाचते. कार्ड आलं की वर्गातलं बघू, असं म्हणत मी सप्टेंबरपर्यंत थांबले. वर्गात शिकवणं बदलायला कुठलंच कार्ड लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १७ तर अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करायला सांगतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या, दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षिका आल्या आणि तासाभरात माझे डोळे उघडले. उजेड हवा म्हणून मी तिला खिडकीजवळ बसवलं होतं. त्या खिडकीतून खाडीचं पाणी चकाकतं, फळाही चमकतो, म्हणजे होतं तेवढंही दिसेना. आता ती पहिल्याच बाकावर, पण खिडकीकडे पाठ करून बसते. “मान सरळ ठेव” म्हणून तिला पहिलीपासून ओरडा बसलाय. पण मान वाकडी केली की त्या एका कोनातच तिची बुबुळं जरा स्थिरावतात आणि अक्षर दिसतं. हे कळलं त्या दिवशी मी तिची माफी मागितली.

फळ्यावर लिहिते ते मी आता मोठ्याने बोलत लिहिते. बालभारतीची पीडीएफ ती मोबाईलवर मोठी करून वाचते. वहीला जाड काळ्या रेघा मारल्या. भूगोलासाठी पुठ्ठ्यावर सुंभ चिकटवून किनारा केला, जिथे खाडी तिथे सुंभ आत वळवला. तिने बोट फिरवत आपली खाडी बरोबर शोधली आणि मग सगळ्या वर्गाला तो नकाशा हवा झाला.

मुख्याध्यापकांनी सहामाहीला कार्डाची वाट न बघता जादा वेळ दिला. मराठीच्या पेपराला मीच वर्गावर होते. शेवटचं उत्तर लिहून झालं तेव्हा सात मिनिटं उरली होती. तिने पेन ठेवलं, पान पहिलं काढलं आणि मान वाकडी करून तपासत बसली.