कोरडा, उबदार आणि उपाशी

नॉर्वेत जनावरांची डॉक्टर म्हणून माझा तो दुसरा हिवाळा. ट्रॉन्डहाइम फ्योर्डच्या काठचं गाव, फेब्रुवारी, बाहेर उणे १४. एक म्हातारे शेतकरी बोक्याला घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. इथं डॉक्टरलाही सगळे नावानंच, एकेरी हाक मारतात. माझ्या मनात मात्र ते आजोबाच.

बोका ‘स्कूगकट’, गोठ्यात उंदरांवर वाढलेली इथली केसाळ जात. शेजाऱ्याच्या होड्यांच्या शेडमध्ये १४ दिवस अडकला होता. गारठला असणार म्हणून मी आधी गरम गादी लावली. थर्मामीटरवर ३८.२. अगदी नॉर्मल!

“थंडी याला काय करणार?” आजोबा म्हणाले. “बघ, अजून तसाच लठ्ठ आहे.”

दिसत तसाच होता. वरचे लांब केस पाणी झटकणारे, आत दाट लोकर. भांग पाडून पाहिला, तर बर्फातून आलेल्या मांजराची कातडी ठणठणीत कोरडी. मग पाठीवरून हात फिरवला आणि मणका न् मणका बोटांना लागला. शरदातल्या नोंदीत ७.४ किलो, आज ५.६. कानाच्या आत पाहिलं. पिवळं.

मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते. लठ्ठ मांजराला धोका जास्त. यकृत थकलं की भूक मरते, न खाल्ल्यानं यकृत आणखी भरतं. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, चढलेलं होतं, सोनोग्राफीत यकृत सुजलेलं. म्हणजे बर्फानं काही केलं नव्हतं, आणि भुकेनं जे केलं ते केसांनी झाकून ठेवलं होतं. मीही आधी फसलेच की.

औषध म्हणजे मुख्यतः अन्न, मानेतून अन्ननलिकेत घातलेल्या नळीनं. आजोबा सगळ्याला हो म्हणाले, पण नळीसाठी केस कापायचं मशीन मानेवर फिरायला लागल्यावर तोंड फिरवून उभे राहिले. “फ्रेया देवीच्या रथाला जुंपायची मांजरं ही. आणि तू हजामत करतेस!”

पहिल्या दिवशी गरजेच्या पाव हिश्शाएवढंच भरवलं. एकदम पोट भरलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरतं, आणि वाचत आलेलं मांजर हातचं जातं. नवव्या दिवशी त्यानं कॉड माशाचा तुकडा स्वतःहून चाटला, मग खाल्ला.

घरी न्यायला आजोबा आले तेव्हा खिशातून मेंढीच्या लोकरीचा गळपट्टा काढला. नळीसाठी भोक ठेवून विणलेला. कुणी विणला म्हणून विचारलं.

“मीच,” ते म्हणाले. “त्याची स्वतःची लोकर येईपर्यंत.”