आमची वाटचाल: ओल्या तुसातून शिकलेला धंदा

गिनी कोंबडीला रोग होत नाही, असे सांगून आम्ही पहिली दोन वर्षे परसबागेसाठी पिल्ले विकली. मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, पण दीड महिन्याच्या आतले पिल्लू हा फार नाजूक जीव असतो. ते आम्हाला भोर तालुक्यातल्या आमच्याच शेडमध्ये कळले.

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या कादंबरी जातीची अंडी एका पैदासकाराकडून आणून आम्ही सुरुवात केली होती. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते, हे मात्र 26 ते 28 दिवस घेते. एवढा फरक लक्षात ठेवला की बाकी सगळे कोंबडीसारखेच, अशी आमची समजूत होती.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत पडद्याखालून पावसाची झड आत येऊ लागली आणि पाण्याच्या भांड्यांभोवतीचे भाताचे तूस भिजून त्याच्या ढेपा झाल्या. तीन आठवड्यांची पिल्ले पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होऊ लागली. शेपटीखालची पिसे चिकटलेली, विष्ठा पातळ आणि बुळबुळीत. कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या कॉक्सिडिओसिसला आपल्याकडे रक्ती हगवण म्हणतात आणि रक्त तर कुठे दिसत नव्हते, म्हणून मी दुकानातून प्रतिजैविकाची पूड आणून पाण्यात मिसळली. त्यात चार दिवस वाया गेले. अखेर मेलेली दोन पिल्ले घेऊन पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी आतडे उभे चिरले, आतला फुगीर, शेंबडासारखा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि कॉक्सिडियाची अंडाकृती बीजे मला प्रत्यक्ष दाखवली. त्यांनी अ‍ॅम्प्रोलियम सुरू केले आणि आमचे ‘ब’ जीवनसत्त्वाचे टॉनिक तेवढे दिवस बंद ठेवायला सांगितले. हे औषध त्या परजीवीला थायमिन, म्हणजे ‘ब-1’ जीवनसत्त्व, मिळू देत नाही, आणि आम्ही तेच थायमिन पाण्यातून पुरवत होतो.

दुसरी चूक त्याहून महागात पडली, आणि ती सर्वस्वी माझी होती. पुन्हा हगवण नको, या धास्तीने मी पुढच्या हंगामात कॉक्सिडियारोधक मिसळलेले ब्रॉयलरचे खाद्य आणले. पोत्यावरचा मजकूर वाचला असता तर त्यात मोनेन्सिन असल्याचे दिसले असते. कोंबडीला चालणारे हे औषध घोड्याला आणि गिनी कोंबडीला जीवघेणे ठरते. पिल्लांचे पाय लटपटू लागले तेव्हा मी आधी थंडीला दोष दिला.

त्यानंतर आम्ही पाण्याची भांडी जाळीच्या चौकटीवर ठेवू लागलो, म्हणजे सांडलेले पाणी तुसात न जाता खाली उतरते. कॉक्सिडियाच्या बीजाला पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. यातली ओल तेवढी आपल्या हातात असते. फिनेलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजे दाद देत नाहीत, त्यामुळे शेड धुण्यापेक्षा कोरडी ठेवण्यावर आमचा भर असतो. रोज सकाळी माझी पत्नी मूठभर तूस दाबून पाहते: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर त्या जागेचे तूस लगेच बदलायचे, सुटे झाले तर नुसते खालीवर करायचे. प्रत्येक तुकडीची विष्ठा तपासून घेतो. गावठी कोंबड्यांची खुराडी आम्ही दूर हलवली, कारण त्यांच्या आतड्याच्या बंद पिशव्यांतल्या (सीकममधल्या) बारीक जंतांबरोबर ब्लॅकहेड हा यकृताचा रोगही येतो आणि त्यात विष्ठा गंधकासारखी पिवळी होते.

आता दीड महिना पूर्ण होईपर्यंत आम्ही पिल्लू विकत नाही. त्यामुळे ते महाग पडते, आणि काही जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. जी राहिली, ती पाहुणे जेवायला बसलेले असतानाही मोबाईलवर विष्ठेचे फोटो पाठवतात. मी त्यांना औषध सांगत नाही. आधी खाद्याच्या पोत्याचा फोटो मागवतो, मग भांड्याखालच्या तुसाचा, आणि तेवढ्यावर उलगडा झाला नाही तर ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकांकडे पाठवतो.