किनोसाकी: सातातली चारच झाली

जपानमधलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, क्योटोहून ट्रेनने अडीच तास, एवढंसं, मधून छोटी नदी, काठाला विलोची झाडं आणि सगळी पब्लिक युकाता (सुती किमोनो) घालून गेता (लाकडी चपला) खटखटवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात चाललीय! अशी ७ आहेत, गावात मुक्काम केला की पास फुकट. आधी अंग घासून धुवायचं, मगच कुंडात, आणि कपडे? शून्य 😄 पहिली ५ मिनिटं नुसता लाजत होतो, मग कळलं की कोणी बघतच नाहीये. इचिनोयू नावाच्या स्नानगृहातल्या गुहेतल्या कुंडात बसल्यावर आजीबरोबरची वज्रेश्वरी आठवली, फक्त इथे गंधकाचा वास नाही. चौथ्यानंतर गरगरायलाच लागलं म्हणून थांबलो. गेतांनी अंगठ्यापाशी फोड आलाय तो वेगळाच.