कडी लागते का?

एसटी स्टँडवर लेडीज संडासाच्या बाहेर लाईनीत उभं असताना आतून बाहेर येणाऱ्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला, कडी लागते का हो? पाणी आहे का, हा दुसरा. स्वच्छ आहे का हे कोणी विचारतच नाही, ते लाईनीच्या शेवटच्या टोकालाही नाकाला कळलेलं असतं. आणि उत्तरंही काय काय असतात, "लागते पण दार जरा वर उचलून दाबा", "खालची नाही लागत, वरची बघा", "कडी नाहीये पण दोरी आहे, हाताला गुंडाळून बसा", आणि सगळ्यात भारी म्हणजे "नाही लागत, पण जावा तुम्ही, मी हाय हितं". ही शेवटचं म्हणणारी बाई कोण कुठली, तिचं नाव काय, मला माहीत नाही, पण गेली पंचवीस वर्षं पुणे-कोल्हापूर करताना अशा कितीतरी बायकांच्या भरवशावर मी बसलेली आहे आणि त्यांच्यासाठी दारं धरून उभीही राहिलेली आहे.

आणि धरायला कोणी नसेल तर मग ते आसन. डावा पाय लांब करून दारावर रोवलेला, पर्सचा बंद दातात, ओढणी मानेभोवती दोन वेढे, एका हातात सलवार, दुसऱ्या हातात मोबाईल कारण खिडकीवर ठेवला तर पडेल आणि खाली कुठे ठेवण्यासारखं काही नसतंच, आणि एवढं सगळं करून तोंडाने "हूं, हूं" असा आवाज चालू ठेवायचा म्हणजे बाहेरून कोणी ढकलू नये. साडीत हेच करणाऱ्या माझ्या आईला तर मेडल द्यायला पाहिजे होतं. ती म्हणायची, निघायच्या दोन तास आधीपासून पाणी पिऊ नकोस म्हणजे झालं. आमच्या घराण्यात प्रवासाची तयारी म्हणजे हीच, दशम्या बांधायच्या आणि पाणी तोडायचं.

लहानपणी आजोळच्या वाड्यात मागच्या बाजूला पाच बिऱ्हाडांत मिळून दोन संडास होते. पत्र्याची दारं, कड्या कधीच गंजून गेलेल्या. तिथे कडीचं काम खोकला करायचा. कोणाची चप्पल वाजली की आतल्या माणसाने खोकायचं, मग बाहेरचा टमरेल घेऊन परत जायचा. अण्णा आजोबांचा खोकला वेगळा, वरच्या मजल्यावरच्या काकांचा वेगळा, त्यामुळे आत कोण आहे आणि किती वेळ लागणार हेही कळायचं, म्हणजे आजच्या भाषेत लाईव्ह स्टेटस. बायका मात्र खोकायच्या नाहीत, त्या बादलीत नळ सोडून ठेवायच्या, धो धो. बाहेरच्याला कळतं की कोणीतरी आहे, आणि आतला आवाजही झाकला जातो.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे नवरा मागे ऑफिसच्या कामाने टोकियोला गेलेला आणि तिथून त्याने जे किस्से आणले त्यातला एक अगदी हाच होता. जपानी बायकांनाही आवाज जाऊ नये असं वाटतं, म्हणून त्या बसल्याबसल्या परत परत फ्लश करायच्या आणि पाणी भसाभस वाया जायचं. मग टोटो कंपनीने १९८८ साली एक यंत्र काढलं, बटण दाबलं की नुसता पाण्याचा आवाज येतो, पाणी नाही. नाव ओतोहिमे, म्हणजे आवाजाची राजकन्या. मी म्हटलं अरे हे तर आमच्या आजीचं पेटंट आहे, फक्त तिच्याकडे स्पीकर नव्हता.

याच टोटोने १९८० मध्ये वॉशलेट काढलं, पाण्याची धार येणारी सीट, आणि जगभर लोक त्याला आधुनिक म्हणतात. आपल्याला टमरेलवाले म्हणून हसणाऱ्यांनी तीच गोष्ट वायर जोडून विकली की ती टेक्नॉलॉजी. असो, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी फार चिडते.

नवऱ्याला मी मुद्दाम सांगितलेलं की शिबुयातले ते काचेचे संडास बघून ये. शिगेरू बान नावाचा मोठा आर्किटेक्ट, त्याने २०२० मध्ये तिथल्या दोन बागांत रंगीत काचेच्या भिंतींचे संडास बांधले. रिकामा असताना आरपार दिसतं, म्हणजे आत कोणी लपलेलं नाही ना, आत घाण नाही ना, हे बाहेर उभं राहूनच कळतं, लाईनीत विचारायचं कामच नाही. आणि आत जाऊन कडी लावली की काच धुरकट होते, बाहेरून काही दिसत नाही. अशा काचेत करंट चालू असेपर्यंत ती पारदर्शक राहते आणि करंट तुटला की आंधळी होते, म्हणजे लाईट गेले तरी अब्रू शाबूत, हा विचार मला फार आवडला. आपल्याकडे लाईट गेले की उलट होतं. पण गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत ती काच धुरकट व्हायला वेळ लावते असं लक्षात आलं आणि मग एका हिवाळ्यात तिथल्या लोकांनी ती दिवसरात्र धुरकटच ठेवली. बघा, जगातली सगळ्यात हुशार कडी, तीपण थंडीत अडकते. नवऱ्याला म्हटलं तू आत जाऊन बघितलंस का, तर म्हणाला नाही, बाहेरून फोटो काढले, कडी लागली नसती तर?

मला स्वतःला मात्र हुशार कडीचा झटका इंग्लंडात बसला. मामेबहिणीकडे बर्मिंगहॅमला गेले होते, लंडनहून ट्रेनने. ट्रेनमधला संडास हा एवढा मोठा गोल, दार अर्धगोल, बटणावर चालणारं. उघडायचं एक बटण, दाबलं, दार सरकलं. आत गेल्यावर बंद करायचं दुसरं बटण, दाबलं, दार बंद. मी निवांत. आयुष्यात पहिल्यांदा चालत्या गाडीत एवढी जागा, पर्स अडकवायला हूक, आरसा, सगळंच. पण तिथे तिसरं एक बटण होतं, लॉकचं, आणि बंद करणं वेगळं आणि लॉक करणं वेगळं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लिहिलेलं होतं, पण घाईत कोण वाचतंय. तर बाहेरून एका सद्गृहस्थाने बटण दाबलं आणि ते दार, साधं दार असतं तर मी पायाने तरी थोपवलं असतं, पण हे आपलं नाटकाच्या पडद्यासारखं हळूहळू, संथपणे, पूर्ण उघडत गेलं. मध्ये थांबवायची सोय नाही, आणि बंद करायचं बटण बसल्या जागेवरून हाताला येत नाही! तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत उलटा फिरला, मी पण सॉरी म्हटलं, का म्हटलं माहीत नाही. नंतर मामेबहीण म्हणाली की अगं हे सगळ्यांचं होतं इथे. होत असेल, पण मी बर्मिंगहॅम येईपर्यंत सीटवर तोंडासमोर पेपर धरून बसलेले.

त्या देशाने खरं तर संडासाच्या कडीवर डोकं भरपूर चालवलंय. १८५१ साली लंडनला ते मोठं प्रदर्शन भरलं, काचेच्या महालातलं, तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने लोकांसाठी फ्लशचे संडास बसवले, एक पेनी द्या आणि जा. ८ लाख २७ हजारांच्या वर लोकांनी पेनी दिली म्हणतात. स्पेंड अ पेनी म्हणजे जाऊन येते, असं तिथल्या जुन्या बायका अजून म्हणतात. नंतर दारावरच नाणं टाकायचं कुलूप आलं, ते बनवणाऱ्यात एक होता जॉन नेव्हिल मॅस्केलीन, आणि तो कोण तर स्टेजवरचा नावाजलेला जादूगार. माणसं गायब करून दाखवणाऱ्यालाच संडासाचं कुलूप सुचावं यात मला काहीतरी न्याय वाटतो.

पण नाण्याच्या कुलपात एक मेख होती. पुरुषांना उभ्याने जायचं तर मुतारी फुकट, दारच नाही तर नाणं कुठे टाकणार, आणि बायकांना दर वेळी दार, म्हणजे दर वेळी नाणं. अमेरिकेत मार्च फाँग यू नावाच्या कॅलिफोर्नियाच्या आमदार बाई होत्या, त्यांनी १९६९ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर चिनी मातीचं संडासाचं भांडं आणलं आणि सगळ्यांसमोर घण घालून फोडलं. काही वर्षांत तिथे पैशाच्या कुलपांवर बंदी आली. नंतर झालं काय, तर पैसे गेले आणि बरेचसे संडासही गेले, कारण फुकटचा संडास सांभाळायचा कोणी. आता तिथे कॉफी शॉपमध्ये कॉफी घ्यायची तेव्हा कडी उघडायचा नंबर मिळतो असं भाची न्यू जर्सीहून सांगते. आणि तिथल्या दारांबद्दल ती म्हणाली ते तर ऐकण्यासारखं आहे, "मावशी, कडी लागते गं, पण दारच पुरेसं नाहीये." खाली हातभर फट, बाजूला बोटभर फट, आतल्या बाईशी नजरानजर होते म्हणे. चंद्रावर गेलेला देश!

पैशांच्या बाबतीत आपल्याकडेही तेच. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी राईट टू पी, म्हणजे लघवीला जायचा हक्क, अशा नावाची मोहीम काढली तेव्हा मागणी हीच होती की पुरुषांना मुतारी फुकट तर आमच्याकडून पैसे का. नाव ऐकून पेपरवाले आधी हसले असतील, पण मागणीत हसण्यासारखं काय आहे? पुण्यात मिळून साऱ्याजणी या बायकांच्या मासिकाच्या संस्थेने कोर्टात याचिका केली, २०१५ ला हायकोर्टाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित सोय करा म्हणून सांगितलं. आणि २०१६ पासून पुण्यात ती नावाच्या गुलाबी बस उभ्या राहायला लागल्या, भंगारात निघालेल्या सिटी बसचे बायकांसाठी संडास केलेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कडी लावली, ती खट् करून लागली, मी ती काढून परत लावली. नुसतीच. दोनदा. बाहेरच्या ताई म्हणाल्या, काही प्रॉब्लेम आहे का मॅडम? म्हटलं नाही हो, लागतेय.

आणि चीनमध्ये बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनला २०१७ मध्ये टिश्यू पेपरची चोरी थांबवायला चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. चेहरा दाखवा, साठ सेंटिमीटर कागद मिळेल, परत पाहिजे तर नऊ मिनिटं थांबा. पोट बिघडलेल्या माणसाने नऊ मिनिटं काय करायचं हे मशीनला विचारून बघायला पाहिजे.

तर हे सगळं वाचून ऐकून माझ्या डोक्यात एक किडा शिरला. कोल्हापूरच्या रस्त्यावर आमची एसटी वर्षानुवर्षं ज्या हॉटेलवर थांबते, नाव नको, तिथल्या लेडीजमध्ये मधल्या दाराला कडी नाही. पंचवीस वर्षांत मिसळ पंधरा रुपयांवरून शंभरावर गेली, टेबलं बदलली, बाहेर सेल्फी पॉइंट झाला, कडी नाही. मॅनेजरला मी किमान सहा वेळा सांगितलं असेल, तो दर वेळी "बघतो ताई" म्हणाला.

शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानदाराने विचारलं, टॉवर बोल्ट देऊ का अल्ड्रॉप, चार इंची का सहा इंची, दार कशाचंय? म्हटलं प्लायचं, खालून फुगलेलं. मग आतला लाकडी भाग बघून लावा म्हणाला, नाहीतर स्क्रू धरणार नाही. कुठल्या खोलीचं दार आहे? मी म्हटलं, हायवेवरच्या संडासाचं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्क्रू दोन जास्तीचे दिले, त्याचे पैसे नाही घेतले.

एसटीच्या दहा मिनिटांत हे होणं शक्य नव्हतं, म्हणून गणपतीला माहेरी जाताना कार काढली. नवरा बाहेर चहा पीत बसला, मला ओळखत नसल्यासारखा. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन आत. लाईनीतल्या एका मावशींनी दार धरलं, एका कॉलेजच्या मुलीने मोबाईलचा टॉर्च धरला, एकीने मला वाटतं स्तोत्र म्हटलं हळू आवाजात. वीस मिनिटं लागली, कडी जरा तिरकी बसली, पण बसली. मावशींनी आत जाऊन उद्घाटन केलं आणि आतूनच ओरडल्या, "लागली गं बाई!"

दिवाळीला परत त्याच रस्त्याने, या वेळी एसटीने. गाडी थांबली, मी जवळजवळ पळतच गेले. माझी कडी होती जागेवर. फक्त आता बाहेरच्या मुख्य दाराला हे एवढं कुलूप, आणि वर कागद चिकटवलेला, चावी काउंटरवर मागावी. मॅनेजर म्हणाला, आता चांगली कडी बसलीय ना ताई, कोणी काढून नेईल म्हणून. चावी सापडेना. मग आतून एक पोरगा आला, चावी हरवू नये म्हणून ती एका लाटण्याला सुतळीने बांधलेली होती, आणि ते लाटणं डोक्यावर धरून तो भरलेल्या हॉटेलच्या मधोमध उभा राहून ओरडला, "संडासची चावी कुनाला पायजे होती?"