चार सर्व्होंचा पंख आणि त्याचं वायरिंग

अडीच मीटर पंखविस्ताराचं, रेडिओ रिमोटने उडवायचं, इंजिन नसलेलं मॉडेल ग्लायडर धरून चालू. फायबरग्लासचं धड, फोमच्या गाभ्यावर कातडी चढवलेले दोन पंख, प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला एक एलेरॉन (विमान कलवणारी पट्टी) आणि एक फ्लॅप (लँडिंगला खाली येऊन वेग कमी करणारी पट्टी). म्हणजे पंखांत चार सर्व्हो (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), आणि शेपटीवरच्या एलिव्हेटर-रडरचे दोन धडात, नाकाच्या बाजूला. सर्व्हो बसवताना चिकटवणं हे शेवटचं काम आहे. बरेच जण ते पहिलं करतात, मग हवा तेवढा फ्लॅप खाली येत नाही म्हणून ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, मेन्यूत तासन्तास डोकं घालून बसतात.

सर्व्हो निवडताना आधी पंखाची जाडी मोजा. एलेरॉनपाशी पंखाची रुंदी १५० मिमी आणि प्रोफाइल ८ टक्क्यांचं (जाडी रुंदीच्या ८ टक्के) असेल तर जाडी जेमतेम १२ मिमी मिळते, तीही सर्वांत फुगीर जागी. कातडी वजा केली की तिथे ८ ते १० मिमी जाडीचाच सर्व्हो मावतो. मुळाजवळ जागा जास्त असते, आणि लँडिंगला फ्लॅपवर हवेचा मारही जास्त येतो, तेव्हा जाड, मेटल गिअरचा सर्व्हो तिथे द्या.

आता सेंटर, म्हणजे सर्व्होची मधली स्थिती. सर्व्हो टेस्टर किंवा रिसिव्हर (विमानातला रेडिओ) जोडून सिग्नल १५०० मायक्रोसेकंदांवर आणा; ट्रिम आणि सबट्रिम (मधली स्थिती सरकवणारी ट्रान्समीटरमधली सेटिंग) दोन्ही शून्य. मगच आर्म, म्हणजे सर्व्होची फिरणारी दांडी, चढवा. २५ दात्यांच्या शाफ्टवर आर्म एक दाता सरकवला तर १४.४ अंशांचा फरक पडतो, म्हणून तो हव्या त्या कोनात सहसा बसतच नाही. अशा वेळी चार फाट्यांचा आर्म घ्या. २५ ला ४ ने भाग जात नसल्यामुळे प्रत्येक फाटा थोडा वेगळ्या कोनात येतो आणि ३.६ अंशांच्या टप्प्यांनी जुळवता येतं. जुळलेला फाटा ठेवा, बाकीचे तीन कापा. सबट्रिमने ओढून आणण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण सबट्रिम जास्त दिलं की एका बाजूची हालचाल कमी पडते.

एलेरॉनसाठी आर्म पुशरॉडला (आर्म आणि पट्टी जोडणारी सळी) काटकोनात ठेवा आणि हॉर्नचं (पट्टीवरचा खुंटा, ज्यात रॉड अडकतो) भोक बिजागराच्या रेषेवर येऊ द्या. फ्लॅपचं गणित वेगळं. फ्लॅप वर जेमतेम काही अंश जातो, खाली मात्र ७० ते ८० अंश यायला हवा. बिजागर वरच्या कातडीत आणि हॉर्न खालून असेल, तर फ्लॅप खाली येताना सर्व्हो रॉड पुढे ओढतो. म्हणून फ्लॅप सरळ असताना आर्म मागे, बिजागराकडे कललेला हवा, म्हणजे जवळजवळ सगळी हालचाल खाली जाण्यासाठी वापरता येते. हॉर्नचं भोकही बिजागराच्या मागे घ्या. ते बरोबर खाली ठेवलं तर ८० अंशांवर हॉर्न थेट सर्व्होकडे तोंड करून उभा राहतो आणि रॉडला तरफच उरत नाही. सर्व्हो गुरगुरतो, करंट खातो आणि फ्लॅप थरथरतो.

झोलाचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. एलेरॉनची रुंदी ४० मिमी, हॉर्न १२ मिमी, क्लेव्हिस (रॉडच्या टोकाची चिमट्यासारखी कडी) आणि आर्ममध्ये मिळून ०.२ मिमी ढिलाई. मागच्या कडेला ती ०.६७ मिमी होते. हॉर्न ६ मिमीचा ठेवला तर तीच १.३३ मिमी. वेगात डाइव्ह मारताना फ्लटर (पट्टीची बेलगाम थरथर) सुरू व्हायला असा झोल पुरतो, आणि एकदा फ्लटर झाला की पंख किंवा सर्व्होचे दाते, दोघांपैकी एक जातं. तेव्हा सर्व्होच्या आर्मचं आतलं भोक, हॉर्नचं बाहेरचं. हालचाल कमी पडली तर ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल (सर्व्हो किती फिरेल ती मर्यादा) वाढवा, भोक बदलू नका. भोक रॉडच्या जाडीचंच पाडा, १ मिमीच्या रॉडला १.२ चं नको.

हे सगळं जुळलं की चिकटवायचं. सर्व्होवर हीट श्रिंक चढवा किंवा मास्किंग टेपचा एक वेढा द्या. उद्या दाते तुटले तर टेप फाडून सर्व्हो काढता येतो. पंखातली कातडी पॉलिश पेपरने खरवडा. अर्ध्या तासाचं एपॉक्सी, त्यात मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड) घालून घट्ट केलेलं, पातळ थरात लावा. थर जाड झाला की पंखाच्या वरच्या बाजूला त्याचा उठाव दिसतो. इन्स्टंट ग्लू इथे अजिबात नको. तो फटीतून गिअरपर्यंत झिरपतो. एपॉक्सी सेट होईपर्यंत रॉड जोडलेला आणि सर्व्हो सेंटरला असू द्या.

वायरिंगमध्ये लोक काटकसर करतात ती नेमकी चुकीच्या जागी. रिसिव्हरपासून एलेरॉनपर्यंत साधारण १.१ मीटर वायर, म्हणजे जाऊन-येऊन २.२ मीटर. २६ गेजच्या वायरचा (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक) रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम, म्हणून १.५ अँपिअरला ०.४ व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातात. चार सेलच्या ४.८ व्होल्टच्या निकेल बॅटरी पॅकवर हे परवडत नाही. प्लस-मायनसला २२ गेज घेतली तर तोटा ०.१७ वर येतो. सिग्नलच्या वायरमधून नावापुरता करंट जातो, तिथे २६ गेज खुशाल वापरा. सिलिकॉनची मऊ वायर आणि हीट श्रिंक पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधा.

पंखाच्या मुळाशी सहा पिनांचा हिरवा मल्टिप्लेक्स कनेक्टर सोयीचा: दोन पिना प्लसला, दोन मायनसला, दोन सिग्नलना. सोल्डर करताना नर आणि मादी एकमेकांत घालून ठेवा, नाहीतर गरम प्लास्टिकमध्ये पिना वाकड्या होतात आणि मैदानावर पंख जोडताना बसत नाहीत. गरम आयर्न, थोडा वेळ. रेंगाळलात तर सोल्डर वायरच्या आत चढतो, ती जागा कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच वायर तुटते. म्हणून प्रत्येक पिनेवर वेगळा हीट श्रिंक, आणि सगळ्या वायर मिळून कनेक्टरच्या मागे एक मोठा.

रिसिव्हर लावण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा. काळा किंवा तपकिरी मायनस, लाल प्लस, पांढरा, पिवळा किंवा नारिंगी सिग्नल. प्लस-मायनस उलटले तर रिसिव्हर किंवा सर्व्हो जळायला क्षण पुरतो. दोन्ही फ्लॅप वाय केबलवर (एका वायरच्या दोन शाखा करणारी केबल) रिसिव्हरच्या एकाच चॅनलला टाकू नका. दोघांचं सेंटर आणि ट्रॅव्हल वेगवेगळं लावता यायलाच हवं.

पॅक, रिसिव्हर, सर्व्हो सगळं शक्य तितकं नाकात. शेपटी तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट-चौपट लांब असते, त्यामुळे तिथल्या १० ग्रॅमसाठी पुढे ३०-४० ग्रॅम शिसं भरावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं उघडं टोक ३१ मिमीचं असतं. दोन अँटेना एकमेकींना काटकोनात ठेवा. धडाला कार्बन असेल तर ही टोकं बाहेर काढायलाच हवीत, कार्बन सिग्नल अडवतो. रेंज टेस्ट करताना सगळे सर्व्हो एकदम हलवत राहा, कारण कमकुवत पॅक किंवा कच्चा सोल्डर लोड आल्यावरच उघडा पडतो. शेवटी प्रत्येक क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा एक छोटा तुकडा सरकवा, म्हणजे तो हवेत उघडणार नाही.