अपुरं, पण कशाला?

'पाणी अपुरं आहे' हे वाक्यच अर्धं आहे. कशाला अपुरं? प्यायला, उसाला, की छाटणी झालेल्या द्राक्षबागेला? 'अपुरा' म्हटलं की हाताशी किती आहे आणि गरज किती, या दोन्ही गोष्टी आल्या. म्हणून या शब्दाआधी 'ला' प्रत्यय शोभतो: विहीर बागेला अपुरी पडते, खोली दहा माणसांना अपुरी पडते. गरजच सांगितली नाही तर वाचणारा ती आपापल्या मनानं धरतो, आणि टंचाईच्या अर्जात किंवा ग्रामसभेच्या ठरावात नेमका तिथंच घोळ होतो. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. 'गावाला पाणी अपुरं' याऐवजी 'माणशी ५५ लिटरला अपुरं, ३० लिटरच येतं' असं लिहिलं की वाद घालायला जागा राहत नाही.

शब्दाचं मूळ साधं आहे. 'पुरा' म्हणजे भरलेला, त्याला 'अ' लागला. संस्कृतातल्या 'भरणे' अर्थाच्या एकाच धातूपासून 'पूर्ण' आला आणि नदीचा 'पूर'ही आला. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि जत-आटपाडीकडचं पाणी मात्र कायम अपुरं. पूर आणि अपुरं, एकाच कुळातले शब्द एकाच जिल्ह्यात नांदतात. लिहिताना मात्र 'पूर', 'पूर्ण' यांचा पू दीर्घ आणि 'पुरा', 'अपुरा' यांचा पु ऱ्हस्व. 'अपूरा' ही चूक 'अपूर्ण'च्या नादानं होते.

अर्थातही हे दोघं वेगळे. अपूर्ण पूल म्हणजे काम थांबलेला. अपुरा पूल म्हणजे बांधून झालाय, पण वाहतूक त्यावर मावत नाही. झोप अपुरी होते, अपूर्ण होत नाही. काम मात्र अपुरंही राहतं आणि अपूर्णही. इथं क्रियापदाकडे बघावं: 'पडणे' आलं तर गरजेला कमी, 'राहणे' आलं तर शेवटास न गेलेलं.

शेजारच्या शब्दांची सरमिसळ तर सर्रास होते. हळदीचं उदाहरण घेऊ. एकरी साधारण दहा क्विंटल बेणं लागतं. घरात आठच निघालं, तर बेणं अपुरं पडलं. बाजारातच मिळेना, तर बेण्याचा तुटवडा. बेणं भरपूर आहे पण कंदमाशीनं पोखरलेलं, तर ती खोट. तिथं 'अपुरं' म्हणायचं नाही. घ्यायला हातात रोकड नाही, ही पैशाची चणचण, आणि चणचण बहुधा तात्पुरती असते. 'तुटपुंजा' मुळात थोड्या भांडवलाचा. म्हणून तो पगाराला, मानधनाला, नुकसानभरपाईला बसतो आणि त्यात थोडी नाराजीही असते. 'टंचाई' गावाची, तालुक्याची, हंगामभराची. एका घरात टंचाई सहसा नसते. 'वानवा' म्हणजे शोधूनही सापडत नाही अशी गत.

'तूट' आणि 'अपुरा' यांतला फरक माण-खटावच्या शेतकऱ्याला पक्का ठाऊक असतो. तूट हे वजाबाकीचं उत्तर आहे. हवामान खातं पाऊस सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी झाला की त्याला तुटीचा म्हणतं. पण तूट असूनही वेळेवर पडलेला पाऊस बाजरीला पुरतो, आणि सरासरी गाठलेला पाऊस तीन दिवसांत कोसळून गेला तर ज्वारीच्या पेऱ्याला अपुरा ठरतो. सरासरी गाठली की पाऊस पुरेसा झाला असं धरणाऱ्या बातम्या म्हणूनच खटकतात.

बातम्यांतली दुसरी नेहमीची चूक: 'अपुऱ्या पाण्याअभावी पिके वाळली'. 'अभावी' म्हणजे नसल्यामुळे. 'अपुऱ्या पाण्यामुळे' म्हणा किंवा 'पाण्याअभावी' म्हणा. दोन्ही एकत्र केलं की अपुरं पाणीच नव्हतं असा विचित्र अर्थ निघतो.

बोलताना आपल्याकडे 'अपुरं'पेक्षा 'पुरणे'च जास्त चालतं, आणि ते फार नेमकं आहे. 'पाणी पुरत नाही' ही नेहमीची तक्रार. 'पुरलं नाही' म्हणजे एकदा घडून गेलं. 'पुरंना झालंय' म्हणजे आधी पुरत होतं, आता कमी पडायला लागलं. आणि 'पुरायचं नाही' हा आधीच बांधलेला अंदाज: टाकी बघूनच म्हातारी माणसं सांगतात, 'एवढं पाणी पुरायचं नाही.' 'अपुरं' या एकट्या शब्दात या काळाच्या छटा येत नाहीत. म्हणून तक्रार लिहितानाही क्रियापद वापरावं: 'मार्चपासून पाणी पुरेनासं झालं आहे' यात कधीपासून तेही आलं.

शेवटी टंकनाचं. 'अपुरा' शब्दाला प्रत्यय लागला की 'अपुऱ्या' होतो. तो 'अपुर्या' असा रफारानं लिहिला की उच्चार 'सूर्या'सारखा, आघात घेऊन होतो. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि आचार्यांना म्हणजे गुरूंना, हा जो फरक, तोच इथं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो. मग डी दाबून हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य. साध्या जे-नं सुरुवात केली की रफार येतो.