काकड्याचं सेशन नव्या संगणकावर: प्लगइनच्या लायसन्स हलवतानाची नोंद

जुन्या लॅपटॉपचा पंखा पखवाजाच्या माइकमध्ये ऐकू यायला लागला, तेव्हाच नवा संगणक घ्यायचं ठरवलं. संगणक आला, जोडून झाला, आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. मामाच्या गावच्या भजनी मंडळाचा काकडा मी २०१९ मध्ये देवळात रेकॉर्ड केला होता. एकूण आठ ट्रॅक: पखवाजाचे दोन, टाळांचे दोन, पेटी, मुख्य गायक, मागचे टाळकरी आणि गाभाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला एक माइक. त्यातल्या दोन अभंगांत गायकाचा आवाज थोडा पुढे घ्या, असा मंडळाचा निरोप आहे, आणि तोही कोजागरीच्या आत, कारण दुसऱ्या दिवसापासून देवळात काकडा सुरू होतो. म्हणजे ते सेशन (सगळे ट्रॅक आणि त्यांची जुळणी साठवलेली फाइल) नव्या संगणकावर जसंच्या तसं उघडायला हवं. एक प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारा जोड-प्रोग्रॅम, जरी गळालं तरी मिक्स बदलतो.

पहिली रात्र

नव्या संगणकाला हातही लावला नाही. जुन्यावर सेशन उघडलं आणि कुठल्या ट्रॅकवर कोणतं प्लगइन, कोणती आवृत्ती, लायसन्स कशा प्रकारची, हे वहीत लिहून काढलं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळं पुढचं यावर उभं आहे. लायसन्स हा एकच शब्द आपण वापरतो, पण माझ्याकडेच त्याचे चार प्रकार निघाले. फॅबफिल्टर या कंपनीच्या प्लगइनची की म्हणजे ईमेलमध्ये येणारा काही ओळींचा मजकूर. तो कॉपी करून प्लगइनमध्ये टाकला की झालं, इंटरनेटही लागत नाही. वलहल्ला कंपनीच्या रिव्हर्बसाठी (आवाजाला जागेचा प्रतिध्वनी देणारं प्लगइन) खात्यातून लायसन्सची फाइल उतरवून घ्यायची. रीपर, म्हणजे ज्यात मी रेकॉर्डिंग आणि मिक्स करतो तो प्रोग्रॅम, त्याचीही फाइलच असते. काँटॅक्ट या वाद्यं वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या लायब्रऱ्यांना (वाद्यांच्या ध्वनिसंचांना) सिरियल नंबर असतो आणि तो नेटिव्ह अ‍ॅक्सेस या त्याच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये नोंदवावा लागतो. साउंडटॉइजच्या प्लगइनची लायसन्स आयलॉक या लायसन्स सांभाळणाऱ्या सेवेच्या खात्यात असते आणि तिथून ती एका ठरावीक संगणकावर किंवा डोंगलवर (यूएसबीत लावायच्या छोट्या किल्लीवर) बसवायची.

पहिल्या दोन प्रकारांत काहीच हरवत नाही, ईमेल आणि खातं शाबूत असलं की पुरे. संगणकाला बांधलेली लायसन्स मात्र आधी जुन्या संगणकावरून सोडवावी लागते. लॅपटॉप फॉरमॅट केला किंवा हार्ड डिस्क गेली, तर कंपनीच्या हिशेबी ती जागा भरलेलीच राहते, आणि मग त्यांना पत्र लिहून, पुरावे देऊन ती मोकळी करून घ्यायची. म्हणून आयलॉक लायसन्स मॅनेजर उघडला, जुन्या लॅपटॉपच्या नावाखालची एकेक लायसन्स निवडली, राइट क्लिक, डिअ‍ॅक्टिव्हेट. ती खात्यात परत आलेली दिसली तेव्हाच वहीत खूण केली.

दुसरी रात्र

ऑडिओ इंटरफेसच्या खोक्यात एक कार्ड होतं, सोबत फुकट मिळालेल्या इन्स्ट्रुमेंटचं. ते मी तेव्हा वापरलंच नव्हतं. आता त्यातला तानपुरा हवासा वाटला. कार्डावरची छपाई फिकी झालेली. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, भिंग लावून वाचलं. चौथ्या गटातलं अक्षर बी की आठ, हे ठरेना. फोटो काढला, मोठा केला, आणि त्याच कार्डावर दुसरीकडे आलेल्या आठशी ताडून पाहिलं. आठच्या वरच्या गोलाची डावी कड वळलेली होती, या अक्षराची सरळ. म्हणजे बी.

तरीही की चालेना. इथे नवीन मंडळी हमखास अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कार्डावर छापलेला असतो तो बहुतेकदा नुसता रिडीम कोड. तो प्लगइनच्या खिडकीत टाकायचा नसतो. कंपनीच्या खात्यात जाऊन तिथे एकदाच भरायचा. त्याच्या बदल्यात खात्यात प्रॉडक्ट जमा होतं किंवा खरा सिरियल नंबर मिळतो. तो सिरियल वापरून संगणक अ‍ॅक्टिव्हेट करायचा. रिडीम, सिरियल आणि अ‍ॅक्टिव्हेशन या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘इनव्हॅलिड की’ असा संदेश आला की बहुतेक वेळा की चुकीची नसते, पायरी चुकलेली असते.

आणखी एक गोष्ट याच रात्री शिकलो. फॅबफिल्टरची की मी सोयीसाठी मोबाइलवरून स्वतःलाच मेसेज करून संगणकावर घेतली होती. ती नाकारली गेली. मूळ ईमेलशी अक्षर अक्षर लावून पाहिलं, तर लागोपाठच्या दोन छोट्या रेघांची मधल्या मध्ये एकच लांब रेघ झाली होती. काही मेसेज अ‍ॅपमध्ये ताऱ्याच्या (*) खुणाही गायब होतात, कारण अ‍ॅप त्यांना ठळक अक्षरांची खूण समजतं. तेव्हापासून की थेट ईमेलमधून किंवा साध्या टेक्स्ट फाइलमधूनच कॉपी करतो. शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली असेल, तर तीही पुसतो.

मधले चार दिवस

रीपर. माझी लायसन्स २०१९ ची, पाचव्या आवृत्तीच्या काळातली. रीपरचा नियम सोपा आहे: घेतली ती आणि त्यापुढची अशा दोन मुख्य आवृत्त्या. म्हणजे माझी ६.९९ पर्यंत चालते. नव्या संगणकावर सातवी आवृत्ती टाकली होती, तिने नवी लायसन्स मागितली. घरगुती वापराची ६० डॉलर, आणि ती ८.९९ पर्यंत चालेल. मी ती आनंदाने घेतली. सहा वर्षं ज्या हत्याराने रोज काम केलं, त्याची ही किंमत काहीच नाही. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं, कारण हल्ली नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो खटका चालू केला, पैसे गेले, आणि काम झाल्यावर लगेच बंद केला.

मग एक अडचण आली, तिच्यात दोन दिवस गेले. एका प्लगइनची लायसन्स फाइल मी दाखवायचो, प्लगइन ‘धन्यवाद’ म्हणायचं, आणि पुन्हा उघडलं की परत डेमो. तीनदा नव्याने इन्स्टॉल केलं. शेवटी लायसन्स कुठे साठवली जाते तो फोल्डर शोधला, तर तिथे फाइलच नव्हती. संगणक सुरू करून देताना भाच्याने हौसेने माझं नाव देवनागरीत टाकलं होतं, त्यामुळे विंडोजमधल्या माझ्या फोल्डरचं नावही देवनागरीत झालं. जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमला हा मार्ग वाचता येत नाही, तो लिहायला जातो आणि निमूट अपयशी ठरतो. सेटिंगमध्ये नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. मी रोमन अक्षरांत नवा यूजर तयार केला, त्यात शिरलो, फाइल दाखवली, आणि लायसन्स टिकली. मराठीत संगणक वापरायला मला मनापासून आवडतं आणि स्क्रीनवरची भाषा मी मराठीच ठेवली आहे. फक्त यूजरच्या फोल्डरचं नाव पहिल्या दिवशी रोमनमध्ये द्या, एवढं सांगावंसं वाटतं.

आयलॉक कुठे बसवायचं, हा प्रश्न राहिला होता. आधी क्लाउडवर ठेवून पाहिलं, ज्या कंपन्या परवानगी देतात त्यांच्याबाबतीत तेवढं करता येतं. डोंगल नको, काही नको, फक्त नेट सतत चालू हवं. गुरुवारी संध्याकाळी वीज गेली. संगणक यूपीएसवर तग धरून होता, राउटर मात्र गेला. मी गायकाच्या ट्रॅकवर होतो, आणि संपर्क तुटल्याची खिडकी स्क्रीनवर आली. दोष कुणाचा नाही, क्लाउडची रचनाच तशी आहे. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि देवळात किंवा शेतावरच्या घरी रेकॉर्डिंगला गेलो तर नेटचा भरवसा तरी कुठे असतो? म्हणून डोंगल मागवला. तिसऱ्या पिढीच्या आयलॉकमध्ये १५०० लायसन्स मावतात, मला जन्मभर पुरतील. तो संगणकाच्या मागच्या बाजूला लावला आहे, पुढे पाय लागून तुटू नये म्हणून. हरवला तर लायसन्सही गेल्या, हे लक्षात ठेवून त्याला किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवत नाही.

ज्यांच्याकडे अजून स्टाइनबर्ग कंपनीचा जुना ईलायसेन्सर डोंगल पडून असेल, त्यांच्यासाठी: स्टाइनबर्गने २०२२ मध्ये क्युबेस १२ या आपल्या रेकॉर्डिंग प्रोग्रॅमपासून त्या डोंगलऐवजी खात्यावर आधारित पद्धत आणली आणि मे २०२५ मध्ये ईलायसेन्सरची सेवा बंद केली. तो डोंगल खणात टाकून विसरला असाल, तर त्यावर काय होतं ते आधी नीट लिहून काढा.

शनिवार-रविवार

सगळं बसल्यावर सेशन उघडलं. रीपर असं करतो ते मला फार आवडतं: जे प्लगइन सापडत नाही त्याची यादी देतो, पण त्याची सेटिंग्ज फेकून देत नाही. यादीत दोन नावं आली.

पहिलं फॅबफिल्टरचं इक्वलायझर, प्रो-क्यू ३. माझ्याकडे की तिसऱ्या आवृत्तीची, आणि नादात मी चौथी उतरवली होती. दोन्ही वेगळी प्लगइन्स आहेत, एकाची की दुसऱ्याला चालत नाही आणि जुनं सेशन जुनीच मागतं. तिसरी टाकली. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा लगेच जागेवर आला.

दुसरं एका छोट्या कंपनीचं कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार आवरणारं प्लगइन. कंपनी बंद झाली, तिचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाला. की माझ्याकडे आहे, पैसे भरल्याची पावती आहे, पण विचारायला पलीकडे कुणी नाही. याचं मला वाईट वाटलं, कारण गायकाच्या आवाजावर ते फार सुंदर बसायचं. जुन्या लॅपटॉपवर ते अजून अ‍ॅक्टिव्ह आहे. म्हणून तिथे गायकाचा ट्रॅक कॉम्प्रेसरसह रेंडर करून (पक्की ऑडिओ फाइल बनवून) घेतला, आणि सेटिंग्ज वहीत उतरवल्या: थ्रेशोल्ड उणे १८, रेशो ३ ला १, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज १२०. मग नव्या संगणकावर रीपरच्या स्वतःच्या रीकॉम्प या कॉम्प्रेसरमध्ये तेच आकडे घालून पाहिले. दोन्ही रेंडर समोरासमोर ठेवले, एकाची पोलॅरिटी उलटी केली आणि एकत्र वाजवले; दोन्ही हुबेहूब असतील तर ते एकमेकांना खोडतात आणि शांतता उरते. आवाज पूर्ण नाहीसा झाला नाही. गायक वरच्या षड्जाला जातो तिथे व्यंजनांची थोडी खसखस उरली. अटॅक १० वरून ७ वर आणल्यावर ती जवळजवळ गेली. ही तपासणी रिव्हर्ब बंद ठेवूनच करायची, कारण रिव्हर्बमधलं मॉड्युलेशन दर वेळी वेगळं पडतं आणि फरक भलताच मोठा दिसतो.

तानपुऱ्याची एक गोष्ट सांगायची राहिली. दुसरी एक लायब्ररी मी फुकट मिळणाऱ्या काँटॅक्ट प्लेअरमध्ये उघडली होती, आणि पंधरा मिनिटांनी तानपुरा थांबला. प्लेअरसाठी परवाना नसलेल्या लायब्रऱ्या त्यात डेमो म्हणून १५ मिनिटंच वाजतात. पूर्ण काँटॅक्ट माझ्या खात्यात होतंच, तेच टाकायचं राहिलं होतं.

आता दोन्ही अभंगांत गायक दीड डेसिबलने पुढे आहे, टाळ तेवढेच आहेत, आणि गाभाऱ्याकडच्या माइकमधली समईपाशी बसलेल्या म्हातारबाबांची खाकरही आहे तशी ठेवली आहे. पेन ड्राइव्ह बुधवारच्या एसटीने जाईल.

उरलेली कामं: वहीतली यादी टंकून तिची एक प्रत भावाकडे ठेवायची, आणि त्या बंद पडलेल्या कॉम्प्रेसरवर असलेली आणखी चार जुनी सेशन्स शोधून त्यांचे ट्रॅक रेंडर करायचे. तोवर, म्हणजे निदान त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, जुना लॅपटॉप फॉरमॅट करणार नाही.